‘कळा वाढल्या की या’ : परत पाठवलेल्या एका पहिलटकरणीचं प्रकरण

सोमवारी रात्री सव्वाआठला मी तिला परत पाठवलं. मंगळवारी सकाळी ८.४० ला तिला पुन्हा टेबलावर घेतलं, तेव्हा साडीच्या आत घेतलेल्या पांढऱ्या फडक्यावर हिरवट-काळा डाग होता आणि कळ ओसरल्यावरही बाळाचे ठोके १०४-१०८ च्या वर येत नव्हते. या दोन वेळांच्या मधले साडेबारा तास म्हणजे हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घडलं त्याचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

मी तेव्हा कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. सहा खाटा, चोवीस तास बाळंतपणाची सोय. सिझरची सोय नाही. त्यासाठी २६ किलोमीटरवरचं रुग्णालय. दिवाळी झाली की आमच्या हद्दीची लोकसंख्या वाढते. साखर कारखान्याच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, रिकाम्या माळावर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात आणि मार्चपर्यंत तिथे एक गावच वसतं, ज्याची नोंद ना इथल्या आशाताईच्या वहीत असते, ना तिकडच्या.

ती अशाच एका टोळीतली. वय २०, पहिली खेप, बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत ती फेडायची होती. एक दिवस उसाच्या फडात गेलं नाही की खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. दिवस भरत आले असतानाही ती मोळ्या बांधत होती, डोक्यावरून गाडीपर्यंत नेत होती. सोबत सासू होती, ती स्वयंपाकपाणी आणि बैलं बघायची. माता-बाल संरक्षण कार्ड गावीच राहिलं होतं. शेवटची पाळी कधीची, असं विचारल्यावर ती म्हणाली, “पाडव्यानंतर आठ दिवसांनी.” संक्रांत दोन दिवसांवर होती. म्हणजे एकोणचाळिसावा आठवडा. बायकांनी सणावरून सांगितलेली तारीख बहुतेक वेळा पक्की निघते, असा माझा अनुभव आहे.

सोमवारी पहाटेपासून तिची कंबर भरून आली होती. अकरापर्यंत फडात काम केलं, मग जमेना म्हणून कोपीवर आली. दुपारी चारच्या सुमारास कंबरेतून पोटाकडे येणाऱ्या कळा सुरू झाल्या. संध्याकाळी सातला नवऱ्याने मुकादमाच्या पुतण्याची मोटारसायकल मागून तिला ९ किलोमीटर आणलं. त्यातले शेवटचे दोन किलोमीटर म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी उखडलेली गाडीवाट.

तपासणीत रक्तदाब १२२/७८, बाळाचे ठोके १४२, डोकं खाली. दहा मिनिटांत एक कळ, वीस-पंचवीस सेकंदांची. गर्भपिशवीचं तोंड दोन सेंटिमीटर उघडलेलं, पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, शाबूत. हिमोग्लोबिन ८.६. रक्त कमी होतं, पण अडचणीचं दुसरं काही दिसत नव्हतं. मी तिला सांगितलं, “अजून वेळ आहे. घरी जाऊन थोडं झोपा, खा-प्या. कळा वाढल्या की या.” सिस्टरने वर जोडलं, “पहिलं बाळंतपण आहे, उद्या दुपारपर्यंत काही होत नाही.” सासूने मान डोलावली. पोरगी काही बोलली नाही.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यात धडधडीत चूक कुठेही नाही, हे आधी सांगते. कळांचा पहिला टप्पा सुप्त असतो. त्यात पिशवीचं तोंड हळूहळू पातळ होतं, थोडं थोडं उघडतं, कळा येतात-जातात. हा टप्पा किती तास चालेल याचं कोणतंही ठराविक माप नाही. पहिलटकरणीत तो अख्खा दिवससुद्धा घेऊ शकतो. पूर्वी चार सेंटिमीटरपासून कळांचा जोर धरला असं मानायचो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ती रेषा पाच सेंटिमीटरवर नेली आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा हट्टही सोडायला सांगितलं. दोन सेंटिमीटरवर दाखल करून घेतलेल्या बाईला विनाकारण सलाईनमधून कळांचं औषध लागण्याची, सिझरपर्यंत जाण्याची शक्यता वाढते, हे आम्ही शिकलेलो असतो. पण त्याच २०१८ च्या मार्गदर्शनात असंही आहे, की कळांनी जोर धरेपर्यंत दाखल करायचं नाही हे सरसकट धोरण म्हणून वापरू नये, काटेकोर संशोधनाच्या चौकटीतच वापरावं. हे वाक्य मी वाचलं होतं. सोमवारी रात्री मला ते आठवलं नाही, कारण पलीकडच्या खाटेवर दुसरी बाई सहा सेंटिमीटरला होती आणि सिस्टर एकच होती.

पुढचं सगळं मला पाचव्या दिवशी कळलं, रुग्णालयात तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्यावर.

कोपीवर पोचायला नऊ वाजले. येताना त्या गाडीवाटेवर दोनदा उतरून उभं राहावं लागलं. साडेअकराच्या सुमारास कळा सात-आठ मिनिटांवर आल्या. घड्याळ कुणी लावलं नव्हतं. शेजारच्या कोपीत मोबाईलवर गाणी चालू होती, “दोन गाण्यांत एक कळ” असा तिचा हिशेब. दोनच्या सुमारास गाणं संपायच्या आत दुसरी कळ यायला लागली. तिने सासूला उठवलं. सासू म्हणाली, “एकदा दवाखान्यातनं परत धाडलं. आता पुन्हा गेलो तर त्या हसतील, म्हणतील कळ काढवत नाही पोरीला. मॅडमनी उद्या दुपार सांगितलीय.”

या सासूला दोष द्यायला माझं मन तयार होत नाही. तिची चार बाळंतपणं कोपीत आणि घरी झालेली. तिच्या दृष्टीने डॉक्टरने वेळ सांगितली होती आणि ती वेळ अजून आली नव्हती. सिस्टरने सहज टाकलेलं ‘उद्या दुपारपर्यंत’ हे त्या कोपीत फर्मान होऊन बसलं होतं.

चारला नवऱ्याला गाडी भरायला बोलावणं आलं. ऊस रात्री-पहाटे भरतात, ट्रक उभा राहिला की कुणाचं काही चालत नाही. तो गेला आणि मोटारसायकलही गेली. साडेपाचला तिला खाली ओलं लागलं. लघवी झाली असं वाटून ती शरमली. कोपीत न्हाणी नाही, मागच्या उसात जायचं तर अंधार. तिने जुन्या धोतराचं फडकं घेतलं आणि गप्प पडून राहिली. सातला शेजारच्या कोपीतली एक बाई, तीन लेकरांची आई, पाणी मागायला आली. तिने एकदा तोंडाकडे बघितलं, फडकं बघितलं आणि आरडाओरड करून पोराला कारखान्याच्या वजनकाट्याकडे पळवलं. त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत.

रुग्णवाहिकेला फोन झाला ७.१५ ला. पत्ता काय सांगायचा? ‘उसाच्या मागच्या कोप्या’ असा पत्ता कुणाला सापडत नाही. शेवटी वजनकाट्यावरचा माणूस गाडीत बसला आणि वाट दाखवत आला. केंद्रात पोचली ८.४० ला.

तोंड सात सेंटिमीटर उघडलेलं, पाणी दाट हिरवं, ठोके कमी. दिवस भरलेल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. तिला डाव्या कुशीवर वळवलं, सलाईनची सुई लावली, रुग्णालयाला फोन करून शस्त्रक्रियागृह तयार ठेवायला सांगितलं आणि बाळाला श्वास देण्याची पिशवी घेऊन सिस्टरला सोबत पाठवलं. ९.५० ला ती पोचली, १०.३२ ला सिझरने मुलगी झाली. वजन २ किलो ३५० ग्रॅम. रडली नाही. दोन मिनिटं मास्कने श्वास द्यावा लागला. मग सात दिवस नवजात शिशू कक्षात. आईला रक्ताची एक पिशवी चढवली. दोघी वाचल्या.

मी तिला ठेवून घेतलं असतं तर सिझर टळलं असतं का? कदाचित नसतं टळलं. पण कळांनी जोर धरल्यावर दर अर्ध्या तासाने ठोके ऐकले गेले असते. पाणी गेलं त्या क्षणी रंग बघितला गेला असता, आणि तीन तास दहा मिनिटं वाचली असती. बाळासाठी तो वेळ फार मोठा असतो.

माता मृत्यूंचा अभ्यास करणारे तीन विलंबांची भाषा वापरतात. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी ती १९९४ मध्ये मांडली. निर्णय घ्यायला लागलेला उशीर, पोचायला लागलेला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला लागलेला उशीर. आढावा बैठकीत आम्ही या प्रकरणाचा रकाना भरला ‘पहिला विलंब : कुटुंबाने उशिरा निर्णय घेतला’. मी सही केली. नंतर तो कागद मला सलत राहिला. कुटुंबाने तर सोमवारी सात वाजताच निर्णय घेतला होता! मोटारसायकल मागून, खाड्याची भीती बाजूला ठेवून ती माणसं आली होती. त्यांचा दुसऱ्यांदा न येण्याचा निर्णय आमच्या दारात तयार झाला. पहिला विलंब आणि तिसरा विलंब या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत; परत पाठवताना आपण काय बोलतो यावर दवाखान्यातला उशीर घरातल्या उशिरात बदलतो.

पाचव्या दिवशी तिने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही म्हणालात वाढल्या की या. माझ्या तर दुपारपासूनच वाढत होत्या. किती वाढल्या की यायचं होतं?”

तक्रारीचा सूर नव्हता. खरंच विचारत होती.

‘वाढल्या की’ हे माप नाही. ज्या बाईला आधी कधी कळा आल्या नाहीत, तिला पुढे अजून किती वाढतात हे ठाऊक नसतं. प्रत्येक कळ तिला आजवरची सगळ्यात मोठीच वाटते. खरं माप वेळेचं असतं, आणि वेळ मोजणं अवघड नाही. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत किती मिनिटं, आणि एक कळ किती सेकंद टिकते, एवढंच. खोट्या कळा अनियमित असतात. कूस बदलली, पाणी प्यायलं, जरा चाललं की विरतात. खऱ्या कळा काहीही केलं तरी येत राहतात, जवळ जवळ येतात, लांबत जातात, आणि कळ चालू असताना बाईला बोलता येत नाही. शहरात दवाखाना दहा मिनिटांवर असेल तर पहिलटकरणीला साधारण असं सांगतात : दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक मिनिटभराची, असं तासभर चाललं की निघा.

हा हिशेब चांगला आहे, पण त्यात रस्ता धरलेला नाही. आमच्या कोप्यांपासून केंद्र ९ किलोमीटर, गाडी मिळेपर्यंतचा वेळ वेगळा, आणि तिथून सिझरची सोय आणखी २६ किलोमीटर. तिच्यासाठी पाच मिनिटांवर निघणं म्हणजे उशीर. दहा मिनिटांवर कळा आल्या आणि विरत नाहीत असं दिसलं की निघायला हवं होतं. हा आकडा मी पुस्तकातून घेतलेला नाही, त्या गाडीवाटेवरून काढलेला आहे. प्रत्येक वस्तीचा आकडा वेगळा निघेल, आणि तो आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीतच, गाडी कुणाची, रात्री मिळते का, चालकाचा नंबर काय, हे विचारूनच काढावा लागेल. दुसरी-तिसरी खेप असेल तर आणखी लवकर, कारण त्यात सहा सेंटिमीटरपासून बाळ बाहेर येईपर्यंत कधी कधी तासही लागत नाही.

आणि काही गोष्टींत मिनिटं मोजायचीच नसतात. पाणी गेलं, मग कळ असो-नसो, निघायचं. पांढरं स्वच्छ फडकं घ्यायचं आणि रंग बघायचा, कारण तो पुढे फोनवर सांगता येतो. या पोरीने लघवी समजून गप्प राहणं अगदी स्वाभाविक होतं; पाणमोट दरवेळी घागर उपडी झाल्यासारखी फुटत नाही, पुष्कळदा नुसती झिरपते, आणि लघवीसारखी ती रोखून धरता येत नाही हा त्यातला फरक. बाळ आत दमलं की शी करतं. पूर्ण दिवसांचं बाळ कधी कधी न दमताही करतं. म्हणून हिरवं पाणी म्हणजे बाळ गेलं असं नाही. पण कोणतं कशाने झालं हे ठोके ऐकणाऱ्याने ठरवायचं, घरात बसून कुणाला ठरवता येत नाही. पाण्यासोबत नाळ खाली आली तर बाईला गुडघ्यांवर ओणवी करून, डोकं खाली आणि कंबर वर ठेवून, तशीच गाडीत घालायची. नाळेला हात लावायचा नाही.

चिकट, लालसर, थोडंसं अंगावर जाणं हे कळांचं नेहमीचं लक्षण आहे, त्याने घाबरायचं कारण नाही. पाळीसारखं वाहणारं रक्त मात्र वेगळं, कळा नसताना गेलं तर अधिकच. कळा सुरू झाल्या की बाळ हलायचं कमी होतंच, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात. ते खरं नाही. बाळ कळांमध्येही हलतं. त्याची हालचाल थंडावली तर त्याच पावली निघायचं. डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांसमोर काजवे, बरगड्यांच्या खाली मधोमध दुखणं, ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणं आहेत आणि त्यांच्या मागोमाग झटके येऊ शकतात. ताप, सदतीस आठवड्यांच्या आधीच्या कळा, जुळं, पायाळू, मागचं सिझर, या सगळ्यांत ‘घरी थोडं थांबून बघू’ ही सवलत नाही.

हे मी त्या सोमवारी तिला पाच मिनिटांत सांगू शकले असते. सांगितलं असतं तरी पुरलं असतं का, याचा विचार मी फार केला. कारण ‘घरी जा’ या दोन शब्दांतलं घर तिच्याकडे नव्हतं. सुप्त टप्पा घरी काढावा असं आम्ही म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पलंग असतो, गरम पाणी असतं, पाठ चोळणारं माणूस असतं, दारात वाहन असतं. तिच्याकडे पाचटाची कोपी होती, कंबरेत वाकून शिरावं लागणारी, आणि रात्री निघून जाणारी मोटारसायकल. आदिवासी जिल्ह्यांत यासाठीच माहेरघर योजना आहे : तारखेच्या काही दिवस आधी बाईने आरोग्य केंद्राच्या आवारातच येऊन राहायचं, सोबत लहान मूल आणि घरचं एक माणूस. ऊसपट्ट्यातल्या स्थलांतरित बाईला त्याची तितकीच गरज आहे, पण आमचा तालुका त्या यादीत बसत नाही. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी संस्थेतलं बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण, ने-आण हे सगळं मोफत आहे. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रात्री राहिलं तर खाटेचे पैसे पडतील, असं सासूला वाटत होतं. आम्हाला कुणी विचारलं नाही म्हणून आम्ही सांगितलं नाही.

त्या हंगामात आम्ही एवढंच बदललं : कोपीवरची बाई कळा घेऊन आली, की सेंटिमीटर कितीही असोत, तिला रात्रभर ठेवून घ्यायचं. बाळंतपणाच्या टेबलावर नाही, पलीकडच्या खाटेवर. सलाईन नाही, औषध नाही, चालू-फिरू द्यायचं, चहा-भात द्यायचा, मधूनमधून ठोके ऐकायचे. खाट रिकामी नसेल तर व्हरांड्यात सतरंजी. दाखल केलं म्हणून लगेच हात लावायचा नाही, हे सिस्टरला पटायला वेळ लागला. आणि परत पाठवायचंच झालं, तर निघताना एक वाक्य बोलायचं : “रात्री दोनला पुन्हा यावंसं वाटलं तरी या, तिसऱ्यांदा यावं लागलं तरी या, कुणी हसणार नाही.” सासूच्या डोळ्यांत बघून हे बोलायचं, कारण गाडी बोलवायची की नाही हे तिच्या हातात असतं. कोप्यांच्या जागांना वजनकाट्यापासूनच्या वाटेने नावं देऊन ती यादी रुग्णवाहिकेच्या चालकाकडेही दिली.

फेब्रुवारीच्या शेवटी ती मुलीला दीड महिन्याच्या लशीला घेऊन आली. मुलीचं वजन ३ किलो ६०० ग्रॅम, मान धरायला लागलेली, आवाजाकडे बघणारी. पुढची लस दहाव्या आठवड्यात, तोपर्यंत टोळी गावी परतलेली असणार. मी नवीन कार्ड केलं, त्यावर गावच्या उपकेंद्राचं नाव घातलं. सासूने विचारलं, पुढच्या खेपेला किती मिनिटांवर निघायचं? मी लाल पेनाने कार्डाच्या वरच्या बाजूला ‘मागचं सिझर’ लिहिलं आणि सांगितलं, “मावशी, हिला आता मिनिटं नाहीत. पोटावरचा टाका आतून उसवू शकतो. पहिली कळ आली की मोठं रुग्णालय, आणि नववा महिना लागला की फडात न्यायचं नाही. बाळंतपणाची जागा आधीच ठरवून ठेवायची.” ती म्हणाली, “फडाचं मुकादमाला कोण सांगणार?” मी मुकादमाचा नंबर घेतला.